घोड्याचा फ्लू कुत्र्यात शिरला, त्याची गोष्ट

भटक्या कुत्र्यांना उचलून शेल्टरमध्ये ठेवा, ही मागणी सध्या सगळीकडे ऐकू येते. त्यावर मत देण्याआधी हा इतिहास वाचा.

जानेवारी २००४. अमेरिकेत फ्लोरिडातला ग्रेहाउंड शर्यतीचा एक ट्रॅक. २२ कुत्रे आजारी पडले. ताप, खोकला. १४ बरे झाले, ८ दगावले, फुफ्फुसांत रक्तस्राव होऊन. कुत्रे खोकू लागले की 'केनेल कफ असेल' म्हणून सोडून द्यायची सवय होती. पण फ्लोरिडा विद्यापीठाच्या डॉ. सिंडा क्रॉफर्ड आणि सहकाऱ्यांनी तपासलं, तर निघाला एच३एन८ फ्लू! हा घोड्यांचा व्हायरस, १९६३ साली मियामीत पहिल्यांदा सापडलेला. जनुकं ९६ टक्क्यांहून जास्त जुळत होती. कुत्र्यांचा स्वतःचा असा फ्लू नसतो, हा समज तिथेच मोडला.

आता गंमत बघा. इंग्लंडमध्ये २००२ साली शिकारी फॉक्सहाउंडच्या एका कळपात खोकल्याची साथ आली होती. जपून ठेवलेले नमुने नंतर तपासले, तर तिथेही घोड्याचाच फ्लू. पण ती साथ तिथेच विझली.

मग अमेरिकेत का पसरली? कारण शर्यतीचे कुत्रे या ट्रॅकवरून त्या ट्रॅकवर नेले जायचे. २००४ च्या जून ते ऑगस्टमध्ये ६ राज्यांतले १४ ट्रॅक, २००५ च्या जानेवारी ते मेमध्ये ११ राज्यांतले २० ट्रॅक. पुढे व्हायरस शिरला मोठ्या शेल्टरमध्ये. तिथे रोज नवे कुत्रे यायचे, म्हणजे त्याला रोज नवं सरपण. घरोघरच्या कुत्र्यांत मात्र तो फारसा टिकला नाही, आणि पुढे जवळपास दिसेनासाच झाला.

म्हणजे व्हायरसने उडी मारली ती स्वतःच्या बळावर, पण साथ उभी केली माणसाने केलेल्या गर्दीने. २०१५ मध्ये शिकागोत पक्ष्यांपासून कुत्र्यांत आलेला, आशियातून पोचलेला एच३एन२ पसरला, तेव्हाही शेल्टर आणि बोर्डिंगच अडचणीत आले.

घाबरू नका, हे दोन्ही फ्लू कुत्र्यापासून माणसाला झाल्याची नोंद नाही. पण शेल्टर बांधायची, तर नव्या कुत्र्यासाठी वेगळी खोली, लसीकरण आणि पशुवैद्य आधी हवेत, पिंजरे नंतर. आपल्या नगरपालिकेला हा प्रश्न कोण विचारणार?