हँग झालेल्या संगणकाचे निदान

घरगुती संगणकाच्या बिघाडांत ‘हँग होणे’ हा निदानाला सर्वांत अवघड प्रकार. पडद्यावर त्रुटीचा संदेश आला तर शोधाला किमान धागा मिळतो. हँग झालेला संगणक मुका असतो, कारण तक्रार नोंदवणारी यंत्रणाच अडकून पडलेली असते. म्हणून या निदानाची भिस्त पहिल्यापासून बाहेरून दिसणाऱ्या खुणांवर राहिली.

१९८१ च्या आयबीएम पीसीवर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबल्या की संगणक नव्याने सुरू होई. अभियंते डेव्हिड ब्रॅडली यांनी ही सोय खरे तर प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी केली होती. आधी डिलीटच्या जागी एस्केप होते, पण त्या कळा चुकून दाबल्या जाण्याची भीती वाटल्याने बदल झाला. पुढे घरोघरी हाच पहिला उपाय ठरला. पण निदानासाठी बोलकी खूण कॅप्स लॉकच्या दिव्याची. कळ दाबल्यावर दिवा लागला-विझला तर प्रणाली जिवंत आहे, अडकला आहे तो एखादा प्रोग्राम. दिवा ढिम्म राहिला तर दुखणे बहुधा ड्रायव्हरमध्ये किंवा हार्डवेअरमध्ये.

१९९० च्या दशकात संशय मुख्यतः सॉफ्टवेअरवर असे, आणि तो रास्तच होता. विंडोज ३.१ मध्ये प्रत्येक प्रोग्रामने प्रोसेसर आपणहून सोडायचा असे. एकाने अडवून धरला की बाकीचे खोळंबत. विंडोज ९५ ने ही रीत बरीच मोडली, मात्र जुन्या १६-बिट प्रोग्रामांसाठी वाट मोकळी ठेवली, आणि जुने दुखणे त्याच वाटेने आत आले. याच प्रणालीत आणि विंडोज ९८ मध्ये मिलिसेकंद मोजणारा ३२-बिट गणक ४९.७ दिवसांनी भरून जाई आणि संगणक थांबे. अर्थात त्या काळी घरचा संगणक तेवढे दिवस सलग चालणे हेच नवल.

२००१ मध्ये विंडोज एक्सपीने एनटीचा भक्कम गाभा घरात आणला आणि संशयाची सुई हार्डवेअरकडे वळली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या ‘असेम्बल्ड’ संगणकांना तर हे निदान फारच लागू पडे. पेटी उघडायची, पंख्यातली धूळ झटकायची, रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसायचे, मग पुन्हा बसवायची. हा तोडगा गावठी वाटतो, पण दातांवरचा मळ संपर्क तोडतो, म्हणून तो खरोखर चाले. तेवढ्याने न भागल्यास रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ रात्रभर चालवले जाई. ते विंडोजशिवाय चालत असल्याने दोष रॅमचा की प्रणालीचा, हे वेगळे काढता येई. याच सुमारास निकृष्ट द्रावण भरलेले कपॅसिटर अनेक मदरबोर्डांवर आले. आत वायू साठून त्यांची डोकी फुगत. उघडलेल्या पेटीत ती डोळ्यांनी दिसत. हँग होण्याच्या कारणांत इतके सोपे निदान दुसरे नाही. उरलेल्या वेळी एकच रीत होती: एक भाग बदलायचा, वाट पाहायची, मग दुसरा.

हार्ड डिस्क खराब होऊ लागली की संगणक काही सेकंद थिजून परत चालू लागतो, कारण डिस्क तोच भाग पुन्हा पुन्हा वाचू पाहते. आता विंडोज अशा बिघाडांच्या नोंदी ठेवते आणि त्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पाहता येतात. हँग झालेला संगणक बटण दाबून बंद केला, की पुढच्या वेळी तेथे ४१ क्रमांकाची नोंद दिसते. मागच्या खेपेस संगणक नीट बंद झाला नव्हता, एवढेच ती सांगते. का, ते सांगत नाही.