चौकटीवरच्या खुणा

पोराला दाराच्या चौकटीला टेकवून उभे करायचे आणि डोक्याशी पेन्सिलीने खूण करायची, ही हौस आमच्या घरांतही आहे. नातू दादाजानपेक्षा उंच झाला की घर खूश होते. "खानदानच उंच आहे" असे कुणी म्हणते. खुजा राहिला तर "रक्तच तसे" म्हणून आम्ही मोकळे होतो.

इतिहास मात्र वेगळेच सांगतो. फ्रान्समध्ये व्हिलेर्मे या डॉक्टरने १८२९ मध्ये सैन्यभरतीच्या नोंदी तपासून दाखवले, की गरिबी उंची खुंटवते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हॉलंडमधले तरुण सरासरी १६५ सेंटिमीटरच्या आसपास होते. आज त्यांची गणना जगातल्या सर्वांत उंच लोकांत होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, १८९६ मध्ये जन्मलेल्या इराणी पुरुषांपेक्षा १९९६ मध्ये जन्मलेले सुमारे १६ सेंटिमीटरने उंच झाले. शंभर वर्षांत रक्त बदलत नाही. बदलले ते पाणी, ताटातले अन्न, आजारांचे प्रमाण आणि आईची तब्येत. वारंवार हगवण, ताप आला की खाल्लेले अन्न आजाराशी झुंजण्यात खर्ची पडते, वाढीला उरत नाही.

आपल्याकडचे काय? पाच वर्षांखालील खुरटलेली मुले २००५-०६ मध्ये देशात ४८ टक्के होती, २०१९-२१ मध्ये साडेपस्तीस टक्के. महाराष्ट्रात २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ३४.४ होते, २०१९-२१ मध्ये ३५.२. म्हणजे आम्ही जिथल्या तिथेच राहिलो.

वजनाची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. आमची बाळे हाडामांसाने कमी, पण चरबी त्या मानाने राखून असलेली. अशा शरीराला पुढे आयते खाणे आणि बैठे काम मिळाले, की मधुमेह जवळ येतो. म्हणून गुटगुटीत दिसणारे पोर निरोगीच असते, असे नाही.

बाळाची वाढ आईच्या पोटात सुरू होते. आमच्या कितीतरी घरांत दस्तरखानावर सगळे उठल्यावर उरलेले खाते ती आईच, आणि तिच्यामागोमाग मुलगी. त्या मुलीची भूक उद्या तिच्या बाळाच्या वजनात उतरते. नातवाची खूण चौकटीवर वर सरकावी असे वाटत असेल, तर आज घरातल्या लेकीला आधी वाढायला हवे.