गणेशखिंड आवार, पुणे

गणेशखिंड आवार हा पुणे शहराच्या वायव्य भागातील सुमारे ४११ एकरांचा परिसर होय. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराचे पावसाळी निवासस्थान म्हणून तो वसविण्यात आला. आज तेथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे मुख्य केंद्र आहे.

गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६४ मध्ये येथील प्रासादाच्या बांधकामास आरंभ झाला. ते १८७१ मध्ये पुरे झाले. वास्तुरचनाकार जेम्स ट्रबशॉ यांनी त्यास इटालियन धाटणीचे रूप दिले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे त्या काळी कापसाचे भाव चढले होते व मुंबईत पैसा खेळत होता. बाजार कोसळल्यावर मात्र या वास्तूच्या खर्चावर कठोर टीका झाली. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ येथेच झाला. त्यातून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले. बॅ. मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू; विद्यापीठाच्या ग्रंथालयास त्यांचेच नाव आहे. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात ही सरकारी जागा विद्यापीठास मिळाली. परकीय सत्तेचा दिमाख मिरविणारी वास्तू अशा रीतीने ज्ञानकार्यास लागली.

प्रासाद विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून ओळखला जातो; तथापि अध्यापन-संशोधनाच्या दृष्टीने भोवतालच्या भूमीचे मोल अधिक आहे. एकाच मालकीखाली राहिल्याने ती तुकड्यांत विकली गेली नाही. त्यामुळे जुने वड, दाट झाडी व माळरानाचे अवशेष टिकून राहिले. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वर्गापासून चालत जाण्याच्या अंतरावर निरीक्षणक्षेत्र लाभले. याच मोकळ्या जागेमुळे डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये स्थापन झालेले आयुका, तसेच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र व राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र या संस्था येथे उभ्या राहू शकल्या. आयुकाची वास्तू चार्ल्स कोरिया यांची आहे.

पेच येथेच आहे. प्रत्येक नवी इमारत अध्ययनास साधने देते, आणि अध्ययनाचा एक विषय थोडा आक्रसते. जुन्या वास्तूची डागडुजी करता येते. शतकभर वाढलेल्या वृक्षाची जागा रोप लावून भरून निघत नाही.

जवळच्या गणेशखिंड उद्यानाची स्थापना १८७३ मध्ये झाली. ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे असून तेथे फळसंशोधन केंद्र चालते. २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने या उद्यानास जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला.