मीराबाई म्हापशाला गेली

माझी आजी वेहेरगावची, म्हणजे एकवीरा देवीच्या डोंगराच्या पायथ्याची. चैत्रात मळवली स्टेशनावर मुंबईकडच्या गाड्यांतून कोळी-आगऱ्यांचे जथे उतरायचे. वाजंत्री, मानाचे झेंडे, डोक्यावर पाट्या, आणि लेकुरवाळ्या बायका कडेवरच्या पोरासकट डोंगर चढायच्या. आजी सांगायची की देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, आणि देवघरचा काळभैरव हा एकवीरा आईचा भाऊ. भावाला विसरून बहिणीकडे गेलेलं तिला चालत नाही.

देवळाच्या अगदी शेजारी कार्ल्याचं चैत्यगृह आहे. दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेलं. छताच्या सागवानी कमानी अजून जागेवर आहेत. दारापुढच्या दोन सिंहस्तंभांपैकी एकच उरला, दुसऱ्याच्या जागी देवीचं देऊळ आहे असं मानतात. आजीला शिलालेख वाचता येत नव्हते, पण चैत्यात शिरताना ती चपला बाहेर काढायची आणि हात जोडायची. "इथं पण कुणीतरी बसलंय," एवढंच म्हणायची.

लग्न होऊन ती लोणावळ्याला आली. आजोबा रेल्वेत होते. १८६३ साली बोरघाटातून गाडी वर चढली आणि या गावाचं नशीब पालटलं. रेल्वेच्या नोकऱ्यांमागे ख्रिस्ती कुटुंबंही इथे आली. आमच्या शेजारचं घर गोव्याच्या बारदेशातलं. त्या घरातल्या मावशींचे यजमान गार्ड होते. त्यांच्या भिंतीवर मारियेची तसबीर, खाली पणती, आणि मे महिन्यात गावाहून आलेलं बाटलीभर तेल. ते तेल म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्ताचं. आमच्यापैकी कुणाला ताप आला की आजी स्वतः जाऊन ते मागून आणायची आणि कपाळाला लावायची.

दुपारी दोघी तांदूळ निवडत बसल्या की गोष्टींची देवाणघेवाण व्हायची. आजीने एकवीरेच्या भावाचं सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या, आमच्याकडे तर सात बहिणी आणि एक भाऊ! घाटावरून ही भावंडं गोव्यात उतरली. विस्तव आणायला पाठवलेला भाऊ खेतोबा खेळात रमला, उशिरा आला. बहीण लईराईने रागाने त्याला लाथ मारली. मग पश्चात्तापाने तिने अग्निदिव्य पत्करलं. म्हणून तिच्या शिरगावच्या जत्रेत आजही धोंड, म्हणजे तिचे भक्त, निखाऱ्यांवरून चालतात. केळबाई मुळगावला बसली, महामाया मये गावात, मोरजाई मोरजीला. आणि मीराबाई म्हापशाला गेली, ख्रिस्ती झाली, मिलाग्रिस सायबीण झाली. शिरगावहून बहिणीला मोगऱ्याची फुलं जायची, म्हापशाहून लईराईला तेल यायचं. ईस्टरनंतरच्या एका सोमवारी सायबिणीचं फेस्त भरतं, तेव्हा तिथे हिंदूंचीही तेवढीच रीघ असते.

बहीण दुसऱ्या धर्मात गेली म्हणून नातं तुटत नाही, एवढी साधी गोष्ट लोकांनी देवांवर सोपवून जपली. ज्या काळात ती जपली तो काळ मात्र साधा नव्हता. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं, ते १८१२ पर्यंत टिकलं. १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्ती घरांतली हळद, लग्नातल्या ओव्या, दारची तुळस, सगळ्यावर बंदी घातली. पावणेदोनशे वर्षं धाक दाखवल्यावरही तुळशीवर बंदी घालावी लागते, याचा अर्थ तुळस तोवर दारात होतीच. त्या बंद्यांची यादी मला आपल्या आज्या-पणज्यांच्या चिवटपणाची नोंदवही वाटते.

कुंकळ्ळीची हकीकत याहून कठोर. १५८३ साली तिथल्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारलं. बदल्यात पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून कापून काढलं. गावची देवी शांतादुर्गा फातर्प्याला हलवावी लागली. तरी दरवर्षी सोंत्रियोच्या, म्हणजे छत्र्यांच्या उत्सवाच्या दिवशी देवी मिरवत आपल्या मूळ गावी येते, बारा वांगडांच्या, म्हणजे गावकार कुळांच्या, छत्र्या तिच्याबरोबर नाचतात, आणि गावचे ख्रिस्ती गावकारही त्या मानात असतात. देवी त्यांच्या पूर्वजांची आहे. बाप्तिस्म्याने पूर्वज बदलत नाहीत.

उत्तर कोकणात उलटाही प्रवास झाला. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण त्यांनी ख्रिस्ती केलेली माणसं राहिली. पुढे १८२० च्या दशकात साष्टीतली काही आगरी घरं पुन्हा हिंदू झाली. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात त्यांची नोंद 'नवे मराठे' किंवा 'वरप आगरी' अशी आहे, आणि आडनावं गोमास, सोझ, फर्नान अशी. दोन वेळा धर्म बदलला, आडनाव मात्र पहिल्या वळणावरचंच राहिलं. एकवीरेचा डोंगर चढणाऱ्या गर्दीत अशा घरांचे वारस असतील, असं मला नेहमी वाटतं. या लोकांना कुणी अर्धवट म्हटलं की मला राग येतो. दोन्हीकडचं ओझं त्यांनी वाहिलं आहे.

माझे वडील तीन-चार वर्षांचे असताना विषमज्वराने अंथरुणाला खिळले. आजीने एकवीरेला नवस बोलला. मावशींनी, तिला न सांगता, वांद्र्याच्या मोतमाउलीला बोलला. पोर उठून बसलं तेव्हा दोन्ही नवस उघडे पडले. मग सप्टेंबरात दोघी मिळून वांद्र्याच्या जत्रेला गेल्या आणि मेणाचं बाळ वाहून आल्या. चैत्रात दोघीच कार्ल्याच्या पायऱ्या चढल्या. एकवीरेच्या नवसाचं कोंबडं मावशींनीच कामशेतच्या बाजारातून पारखून आणलं होतं.