हॉयर घड्याळांचे नामांतर

हॉयर ही स्वित्झर्लंडमधील घड्याळे बनविणारी जुनी कंपनी होय. १९८५ मध्ये तिचे नाव 'टॅग हॉयर' झाले आणि तिच्या घड्याळांचे नामांतरापूर्वीची व नामांतरानंतरची असे दोन वर्ग पडले. तबकडीवर नुसते 'हॉयर' असलेल्या यांत्रिक क्रोनोग्राफांना (कालमापनाची सोय असलेल्या घड्याळांना) संग्राहकांच्या बाजारात सामान्यतः नंतरच्या घड्याळांपेक्षा बराच अधिक भाव येतो. नाममुद्रा बदलल्यावर जुन्या मालाचे मोल कसे पालटते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

एदुआर हॉयर यांनी १८६० मध्ये सँ-इमिए येथे हा व्यवसाय सुरू केला. सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारे 'मिक्रोग्राफ' हे उपकरण कंपनीने १९१६ मध्ये आणले. संस्थापकांचे पणतू जॅक हॉयर यांच्या काळात १९६३ मध्ये 'कॅरेरा' आणि १९६९ मध्ये चौकोनी 'मोनॅको' बाजारात आले. मोनॅकोमध्ये बसविलेले स्वयंचलित यंत्र ब्राइटलिंग, हॅमिल्टन-ब्यूरेन व दुबुआ-देप्रा यांच्या सहकार्याने तयार झाले होते. पुढे स्वस्त क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत अनेक स्विस कारखाने अडचणीत आले. १९८२ मध्ये कंपनी हॉयर कुटुंबाच्या हातून गेली आणि तीन वर्षांनी 'तेक्निक दावांगार्द' म्हणजेच टॅग या उद्योगसमूहाने ती विकत घेतली.

संक्रमणकाळातील माल

नाव कागदोपत्री एका दिवसात बदलते, पण कारखान्यातील सुटे भाग आणि दुकानांतील माल त्या दिवशी संपत नाही. त्यामुळे तबकडीवर एक नाव आणि मागील झाकणावर किंवा पट्ट्याच्या कडीवर दुसरे, अशी घड्याळेही या काळात बाहेर पडली. संग्राहक त्यांना 'संक्रमणकालीन' म्हणतात. दुकानदाराच्या दृष्टीने असा माल अडचणीचा असतो. नव्या नावाची जाहिरात सुरू झाली की ग्राहक नवी वस्तू मागतो, आणि जुन्या नावाची घड्याळे सवलतीत काढावी लागतात. अशा वेळी जुना साठा स्वस्त होणे ही तात्पुरती अवस्था असते. पण ती किती टिकेल हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. मोनॅको तर नामांतरापूर्वीच, १९७० च्या दशकाच्या मध्यास, मागणीअभावी बंद पडले होते.

दुसरा परिणाम दुरुस्तीतून घडतो. कारखान्यात किंवा घड्याळजीकडे गेलेल्या जुन्या घड्याळाला नव्या चिन्हाची चावी अथवा पट्टा बसविला जातो. वापरणाऱ्याचे त्यात काहीच बिघडत नाही, मात्र संग्राहकाच्या लेखी त्या घड्याळाचे मोल घटते.

किमतींतील फरकाची कारणे

जुन्या नावाला मिळणारा अधिक भाव हा केवळ त्या शब्दाचा भाव नव्हे. नव्या मालकांनी १९८६ मध्ये प्लॅस्टिकचा वापर केलेले, रंगीत व तुलनेने स्वस्त 'फॉर्म्युला १' हे क्वार्ट्झ घड्याळ आणले. त्यामुळे जुने नाव हाताने जुळविलेल्या यंत्रांच्या युगाशी आणि मोटार शर्यतींशी जोडलेले राहिले. शिवाय तबकडीवरचे नाव घड्याळ १९८५ च्या आधीचे असल्याची खूण ठरत होते.

ही खूण पुढे कंपनीनेच पुसट केली. १९९६ मध्ये कॅरेराची आणि १९९८ मध्ये मोनॅकोची नवी आवृत्ती काढताना तबकडीवर 'टॅग' वगळून जुनेच चिन्ह छापण्यात आले. १९९९ मध्ये एलव्हीएमएच समूहाने कंपनी घेतल्यावरही हा वारसा जपला गेला. आपणच बाजूला सारलेल्या नावाची किंमत कंपनीला दहा-अकरा वर्षांत उमगली, असे यावरून म्हणता येते. मात्र तेव्हापासून केवळ नावावरून घड्याळाचा काळ ठरविणे धोक्याचे झाले. यंत्र, अनुक्रमांक आणि झाकणावरील कोरीव अक्षरे पाहावी लागतात.

'ल मॉन्स' (१९७१) या चित्रपटाच्या वेळी स्टीव्ह मक्वीन यांनी वापरलेले एक मोनॅको डिसेंबर २०२० मध्ये न्यूयॉर्क येथील फिलिप्सच्या लिलावात सुमारे २२ लाख डॉलरना विकले गेले. ही किंमत मक्वीन यांच्या मनगटाची आहे; तीवरून सामान्य मोनॅकोचा भाव काढू नये.

भारतातील समांतर उदाहरण

फाव्र-ल्यूबा या स्विस कंपनीचा मुंबईशी संबंध १८६५ पासूनचा. तिची 'सी चीफ', 'सी किंग' ही चावीची घड्याळे भारतातील अनेक घरांत वापरात होती. कंपनीची मालकी वारंवार बदलली. २०११ मध्ये टायटनने ती घेतली आणि तिची नवी, महागडी घड्याळे बाजारात आणली. २०२३ मध्ये ती एथॉस या घड्याळविक्रेत्या कंपनीच्या उपकंपनीकडे गेली. दरम्यान जुन्या घड्याळांवर नव्याने रंगविलेल्या, भडक तबकड्या बसवून ती इंटरनेटवरून परदेशी ग्राहकांना विकण्याचा धंदा फोफावला. अशा घड्याळांना परदेशी संग्राहक तुच्छतेने 'मुंबई स्पेशल' म्हणतात. त्यांतील यंत्र बहुधा अस्सल असते. डाग पडलेली पण मूळ तबकडी अधिक मोलाची असते, हे न कळल्याने वडिलोपार्जित घड्याळ चकचकीत करून घेणारे कुटुंब त्याचे संग्रहमूल्य स्वतःच कमी करून बसते. रंगवून पुसलेली मूळ छपाई पुन्हा मिळत नाही.