लाल झेंडीपलीकडचा पावसाळा

फिल्म धुण्याच्या पुस्तकात पाण्याचे तापमान २० अंश सेल्सियस दिलेले असते. चंद्रपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि नळाचे पाणी हाताला चटका देते. अशा पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, मऊ पडतो, कधी कडेने सुटूनही येतो. म्हणून माझ्या आजोबांचे, म्हणजे आबाजींचे, रोल धुणारे स्टुडिओवाले काका मध्यरात्र उलटल्यावर कामाला बसत. ओले गोणपाट गुंडाळलेल्या रांजणाचे पाणी, त्यात बर्फाच्या लादीचा तुकडा, आणि थर घट्ट राहावा म्हणून क्रोम अलमचे द्रावण. काकांचा विषय निघाला की आबाजी अजूनही हात जोडतात.

आबाजी जंगल खात्यात कारकून, मुक्काम आलापल्ली. त्यांच्या खिशात ऑलिम्पस पेन ईई कॅमेरा असे. योशिहिसा मैतानी यांनी आखलेला पहिला पेन जपानमध्ये १९५९ साली आला, ईई १९६१ साली. आबाजींना तो मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या नातलगाने आणून दिला होता. त्या काळात आपल्याकडे बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री लोकप्रिय होता. त्याच्या एका रोलमध्ये बारा फोटो निघत. पेनमध्ये छत्तीसच्या रोलवर बहात्तर! रोल आणायचा म्हणजे चंद्रपूर गाठायचे, तेव्हा या हिशेबाला फार मोल होते.

बहात्तर निघतात ते चौकट अर्धी असल्यामुळे. ३५ मिलिमीटर फिल्मवरची नेहमीची चौकट, १९२५च्या लायकाने रूढ केलेली, २४ बाय ३६ मिलिमीटरची. पेनची १८ बाय २४. चावी फिरवली की फिल्म आठाऐवजी चारच छिद्रे सरकते. शिवाय कॅमेरा आडवा धरला तरी चित्र उभे येते. आबाजींच्या फोटोंत माणसे पायांच्या अंगठ्यापासून मुंडाशापर्यंत पूर्ण दिसतात आणि मागचा सागवानही बुंध्यापासून शेंड्यापर्यंत मावतो, तो या उभ्या चौकटीमुळे.

पेनमध्ये बॅटरी नाही. भिंगाभोवती खडबडीत काचेचे कडे आहे, त्यामागे सेलेनियमचा घट. प्रकाश पडला की त्यातून अगदी क्षीण विद्युतप्रवाह निघतो आणि आतली बारीक सुई हलते. बटण दाबताना ती सुई आहे तिथेच चिमटीत धरली जाते. पायऱ्यापायऱ्यांची एक पट्टी तिच्यावर येऊन टेकते आणि भिंगाचे तोंड किती उघडायचे ते ठरते. त्याच भागातल्या हेमलकशात १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा तिथे वीज नव्हती. त्या मुलखात उन्हावर चालणारे यंत्र ही केवढी सोय होती, याची कल्पना आज करून पाहावी लागते.

मात्र ऊन नसेल तर सुई हलत नाही. मग पाहायच्या खिडकीत एक लाल पट्टी वर येते आणि बटण अडते.

"श्रावणात जंगलात शिरलो का लाल झेंडी," आबाजी सांगतात. "पानं एवढी दाट, का दुपारी बारालाही बटन दबत नव्हतं, बेटा."

साग उन्हाळ्यात पाने टाकतो आणि पावसाबरोबर पुन्हा भरतो. आबाजींची फोटोंची पाकिटे लावताना मला हे नीट उमगले. मोह वेचणाऱ्या बाया, तेंदूपत्त्याच्या फळीवर पुडके मोजणारा मुंशी, डेपोतली लाकडांची रास, चंद्रपूरची महाकालीची चैत्रयात्रा: सगळे माघ ते ज्येष्ठातले. पावसाळा जवळजवळ नाहीच. पण भामरागडकडच्या माणसांना विचारा, त्यांचे वर्ष पावसाळ्यावरूनच मोजले जाते. पर्लकोटा नदीला पूर आला की पूल बुडतो, गाव तुटते. मीठ, औषध, टपाल, सगळे थांबते. जुन्या फोटोंवरून या मुलखाचा इतिहास लिहायला जो बसेल, त्याच्या हाती ऊन आणि धूळच लागेल, ही चिंता मला खरोखर वाटते.

एक फोटो वेगळा आहे, पावसाळ्यातला. आबाजींनी रिंग 'ऑटो'वरून काढून भिंग हाताने पूर्ण उघडले आणि डोंगीवाल्याला टिपले. काळपट, रवाळ आले आहे; बाराएक मिलिमीटरचा माणूस पोस्टकार्डाएवढा मोठा केला की चांदीचे कण दिसायला लागतात. त्या डोंगीतून बाळंतीण पलीकडे कशी नेली, हे आबाजी तासभर सांगतात. फोटोत तिचा मागमूस नाही; ती सकाळीच उतरून गेली होती.

पावसाळ्यात कॅमेरा पत्र्याच्या डब्यात, भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसोबत राही, नाहीतर भिंगाला बुरशी धरे. नेमक्या या बंद महिन्यांच्या गोष्टी आता मी आबाजींकडून आणि आजीकडून लिहून घेते. पाकिटांवर एकाच आलापल्लीचे तीन पत्ते आहेत: जि. चांदा, मग जि. चंद्रपूर, आणि २६ ऑगस्ट १९८२ ला जिल्हा वेगळा झाल्यावर जि. गडचिरोली. त्यावरून साल साधारण लागते. महिना आजी लावते. त्या वर्षी धानाची रोवणी पुराआधी झाली की नंतर, हे तिला पक्के ठाऊक असते. या आठवड्यात आम्ही डोंगीच्या वर्षापर्यंत आलो आहोत, आणि ती बाळंतीण कोणत्या गावची यावर दोघांचे अजून जमलेले नाही.