रंगाचा ब्रश बायकांच्या हाती कसा आला?

सध्या गटांच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की तरुण मुली आम्हाला एकच विचारतात : "ताई, सिनेमातल्या नट्यांना सजवणारे कलाकार मोबाईलवर रोजचा साधा मेकअप शिकवतात. आपल्याकडे असं शिकायला मिळेल का?" शिकायला जरूर मिळेल. पण हा ब्रश बायकांच्या हाती सहज आलेला नाही. म्हणून आज आधी त्याचा इतिहास सांगतो आणि मग कामाच्या गोष्टी.

आपली झाडीपट्टी आठवा. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार, खडी गंमत, नाटक असतं. जुन्या दंडारीत लुगडं नेसून, काजळ-कुंकू लावून नाचणारा पुरुषच असायचा. घरात एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरणारी बाईच होती. उटणं वाटणारी, नवरीला हळद लावणारी, मेंदी काढणारीही बाईच. पण त्याचे पैसे कुणी दिले नाहीत, कारण ते घरचं काम. चेहरा रंगवण्याचा पैसा मंचावर मिळायचा आणि तिथे रंगवणारा पुरुष, रंगवून घेणाराही पुरुष.

शहरातही वेगळं नव्हतं. नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व (1888 ते 1967) स्त्रीभूमिका करत. पुण्या-मुंबईच्या बायका त्यांच्याकडे बघून साडी नेसायला आणि दागिने घालायला शिकत. बाईने कसं दिसावं, याचा धडा एका पुरुषाकडून घेतला जात होता! 1913 साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. त्यात राणी तारामती झाले अण्णा साळुंके. त्यानंतर फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकींनी काम केलं. कॅमेऱ्यासमोर बाई आली ती अशी. पण ब्रश घेऊन कॅमेऱ्यामागे उभं राहायला तिला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

याचं कारण एक नियम होता. तो सरकारचा कायदा नव्हता, मुंबईच्या सिनेमाक्षेत्रातल्या संघटनेचा होता. मेकअप आर्टिस्टचं कार्ड फक्त पुरुषाला मिळायचं, बाईला केस बांधणारी म्हणून कार्ड मिळायचं. कार्ड नसेल तर सेटवर काम करता येत नसे. म्हणजे नटीच्या केसांना हात लावायचा, पण गालाला नाही. हा नियम पन्नासहून जास्त वर्षं चालला. बायका आल्या तर पुरुषांचं काम जाईल, असं त्याचं कारण दिलं जायचं.

चारू खुराना नावाच्या मेकअप आर्टिस्ट कॅलिफोर्नियात शिकून आल्या होत्या. त्यांनाही कार्ड नाकारलं गेलं. त्या आणि त्यांच्यासारख्या काही जणी थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 10 नोव्हेंबर 2014 रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळित यांनी निकाल दिला. केवळ बाई आहे म्हणून काम नाकारणं हे राज्यघटनेविरुद्ध आहे, असं न्यायालयाने सांगितलं. संघटनेचा तो नियम रद्द झाला. सभासद होण्यासाठी पाच वर्षं महाराष्ट्रात राहिलेलं असावं, ही अटही गेली.

मैत्रिणींनो, हा निकाल मुंबईचा असला तरी आपल्या कामाचा आहे. गावात कुणी पार्लर टाकायचं म्हटलं की घरचे म्हणतात, "ही कसली हौस!" ती हौस नाही, पोट भरण्याचा धंदा आहे. न्यायालयाने तिथे सन्मानाने रोजगार करण्याचा हक्कच मानला. गटाकडे कर्ज मागताना शेळीपालनाइतक्याच ताठ मानेने हे काम सांगा.

आता मोठ्या कलाकारांकडून शिकायचं काय? विक्रम गायकवाड हे आपले मराठी रंगभूषाकार, 2025 मध्ये ते वारले. 2011 च्या 'बालगंधर्व' चित्रपटात त्यांनी सुबोध भावे यांचे बालगंधर्व केले आणि त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. अशा माणसांची कला गोरं करण्यात नसते, समोरचा चेहरा नीट ओळखण्यात असते. रोजच्या मेकअपची रीतही तीच आहे.

चेहरा आधी साध्या पाण्याने धुवा. क्रीम लावून थोडा वेळ जिरू द्या. रोवणीला, निंदणाला, बाजाराला जायचं असेल तर सनस्क्रीन लावा. फाउंडेशनचा रंग मनगटावर बघू नका. जबड्याच्या कडेला लावून दारात, उजेडात बघा. त्वचेत दिसेनासा झाला तो आपला रंग. सावळी असाल तर सावळाच घ्या. फिकट लावला की चेहरा राखेसारखा दिसतो आणि मान वेगळी पडते. थेंबभर घेऊन बोटाने थोपटा, घासू नका. भुवया विंचरा, बारीक काजळ घाला. ओठांचीच लिपस्टिक बोटाने गालावर किंचित लावली तरी तजेला येतो. झोपण्याआधी खोबरेल तेलाने सगळं पुसून तोंड धुवा.

दोन पथ्यं मात्र सोडू नका. एकीचं काजळ आणि लिपस्टिक दुसरीने वापरायची नाही, डोळ्यांचा संसर्ग असाच पसरतो. पार्लरमधले ब्रश साबणाने धुऊन वाळवल्याशिवाय दुसऱ्या चेहऱ्याला लावायचे नाहीत. आणि नवी वस्तू आधी कानामागे लावून एक दिवस वाट बघा.

सर्वात मोठा धोका गोरं करणाऱ्या बेनामी क्रीमचा. आपल्याच विदर्भात, अकोल्यात, एका घरातल्या तिघींना अशी क्रीम वापरून मूत्रपिंडाचा आजार झाला. 2023 च्या सुरुवातीला ही बातमी सगळीकडे आली. मुंबईत तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. पारा त्वचेचा रंग तयार होणं रोखतो, म्हणून आठवड्यात उजळ दिसतं. पण तो अंगात मुरतो आणि मूत्रपिंड बिघडवतो. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला बंदी आहे. तेव्हा डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि वापराची मुदत बघा. यातलं काही नसेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. आणि पार्लर चालवणाऱ्या बहिणींनो, गिऱ्हाईक तुमच्यावर विश्वास टाकून चेहरा पुढे करतं. ती डबी तुमच्या हातून जाऊ नये.

ज्यांना हे काम धंदा म्हणून करायचं आहे, त्यांनी जिल्ह्याच्या आरसेटी केंद्रात ब्युटी पार्लरच्या प्रशिक्षणाची चौकशी करावी. तिथलं शिकणं, राहणं, जेवण मोफत असतं. गटाच्या पुढच्या बैठकीत इच्छुक मुलींची नावं ठराव वहीत लिहून घ्या. मंडईचा हंगाम येतोय, त्यानंतर लग्नसराई. नाटक मंडळींना आणि नवऱ्या मुलींना सजवणारे हात बाहेरून कशाला बोलवायचे? ते आपल्याच गावचे असू द्या.